आईसाठी डेंटल इम्प्लांट करावं का? दोन डेंटिस्ट, दोन मतं

निर्झरा
नमस्कार मंडळी, आईच्या दातांबद्दल विचारायचंय, जरा लांबलचक होईल. आईचं वय ६३. खाली उजवीकडची एक मोठी दाढ काढून बरीच वर्षं झाली, तिच्या पुढचे मागचे दात आहेत. डावीकडे मात्र शेवटच्या दोन्ही दाढा गेल्यात, म्हणजे त्या बाजूला मागे आता नुसती हिरडी. सगळं पुढच्या दातांनीच चावते, कडक काही असलं की बाजूला सारते, जेवण हळूहळू कमी होतंय ते बघून जास्त काळजी वाटते.

एका डेंटिस्टनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) बघून सांगितलं तिन्ही ठिकाणी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करून टाका, आयुष्यभराची चिंता मिटली. दुसरे म्हणाले या वयात कशाला चिरफाड, त्यात डायबेटिस, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात) करा नाहीतर काढघालीची कवळी करा. दोघंही अनुभवी आहेत त्यामुळे कोणाचं ऐकायचं तेच कळेना. वय आड येतं का? शुगर असताना हाडात स्क्रू धरतो का? आणि आईची स्वतःची भीती वेगळीच, तिला वाटतं तोंडात धातू घातला तर शरीर तो बाहेर टाकेल. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत.

दंतकथा
मी डेंटिस्ट आहे. तोंड न बघता निर्णय देत नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो. ताई, उजवी बाजू आणि डावी बाजू हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्हाला दोन्हीकडून दोन्ही बाजूंना एकच उत्तर मिळालंय, गोंधळ तिथेच आहे.

उजवीकडे ब्रिज होऊ शकतो कारण दोन्ही बाजूंना आधाराला दात आहेत. पण त्यासाठी ते दोन्ही दात चारी बाजूंनी घासून बारीक करावे लागतात आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. त्या दातांना आधीच रूट कॅनाल होऊन कॅप बसलेली असेल किंवा मोठं फिलिंग असेल तर ब्रिज हा सरळ पर्याय आहे, खुशाल करा. हात न लागलेले धडधाकट दात असतील तर मात्र एका दाढेसाठी ते दोन घासायचं माझ्या जिवावर येतं, तिथे मी इम्प्लांटच सुचवतो. अजून एक, जागा बरीच वर्षं रिकामी राहिली की मागची दाढ पुढे कलते आणि वरची दाढ खाली उतरते, कधीकधी नवीन दात बसवायला पुरेशी जागाच उरत नाही. हे आधी तपासून घ्या.

डावीकडे मागे दातच नाही, म्हणजे नेहमीचा ब्रिज बसणारच नाही. तिथे इम्प्लांट, काढघालीची कवळी, किंवा काहीच न करणं असे तीन रस्ते. काहीच न करणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे हं. उपदाढांपर्यंतचे दात वर-खाली नीट भिडत असतील आणि एकूण २० च्या आसपास दात तोंडात असतील तर बऱ्याच जणांचं खाणं व्यवस्थित चालतं. तुमची आई कडक पदार्थ बाजूला सारतेय म्हणजे तिला ते पुरत नाहीये, पण म्हणून डावीकडे दोन इम्प्लांट हवेतच असंही नाही, पुष्कळदा फक्त पहिली मोठी दाढ परत आली की भागतं.

वयाला वरची मर्यादा नाही. खालची आहे, जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय लावत नाहीत, कारण आजूबाजूचे दात हाडाबरोबर सरकतात आणि इम्प्लांट आहे तिथेच राहतो. ६३ हे काही नाही म्हणायचं कारण नव्हे. शुगरचं म्हणाल तर डायबेटिस आहे की नाही यापेक्षा तो ताब्यात आहे का ते महत्त्वाचं. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ च्या आसपास असेल तर बहुतेक जण पुढे जातात, ८ च्या वर असेल तर आधी साखर खाली आणा, जखम भरायला वेळ लागतो आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो.

आता मला सांगा, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आई काही गोळी किंवा इंजेक्शन घेते का? कधी तोंडा-मानेला रेडिएशन झालंय का? तंबाखू, मिश्री? झोपेत दात करकरा खाते का?

सागरगोटा
डॉक्टरांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, मी पेशंटच्या बाजूने लिहितो. माझा वरचा पुढचा दात गेला होता, तिथे इम्प्लांट केलाय. प्रत्यक्ष स्क्रू बसवणं दाढ काढण्यापेक्षा सोपं गेलं, भूल दिली की फक्त दाब आणि ड्रिलची घरघर जाणवते. कठीण असतं ते थांबणं. साधारण तीन ते सहा महिने हाड त्या स्क्रूभोवती वाढून घट्ट व्हायची वाट बघायची आणि मग वर कॅप, तोवर त्या जागेवर जोर द्यायचा नाही. त्याआधीही माझ्या डॉक्टरांनी स्क्रूचं नावच काढलं नाही, आधी हिरड्यांवर काम केलं, खोल क्लिनिंग करून घेतलं, रक्त यायचं थांबल्यावरच पुढची तारीख दिली. तेव्हा चिडचिड झाली होती माझी, आज वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं असलं तरी त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड सडू शकतं आणि बऱ्याचदा ते दुखत पण नाही, कळतं तेव्हा स्क्रूचे आटे उघडे पडलेले असतात. ब्रश करताना तिथून रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं असं मला बजावून सांगितलंय. रोज रात्री छोटा इंटरडेंटल ब्रश त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरवतो, कंटाळा आला तरी.

म्हणून निर्झरा, आईला रोज एवढी स्वच्छता जमेल का, हात थरथरतात का, मागे ब्रश पोचतो का, हे पण बघा.

आणि धातूची भीती घालवायची असेल तर त्यांना ब्रोनेमार्कची गोष्ट सांगा. हे स्वीडिश डॉक्टर, १९५० च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियमची उपकरणं घालून अभ्यास करत होते, नंतर काढायला गेले तर निघेनात, हाड त्याला चिकटून एकजीव झालेलं. त्यावरूनच हे सगळं सुरू झालं. १९६५ साली ज्या पहिल्या पेशंटला त्यांनी इम्प्लांट लावले तो २००६ मध्ये जाईपर्यंत ते जागेवर होते.

मुक्ताई
कवळीला कमी लेखू नका हो कोणी. माझ्या सासऱ्यांना खालची पूर्ण कवळी सैल व्हायची, बोलताना उचलली जायची, त्यांना पूर्ण सेट फिक्स करायची तयारी नव्हती, तर खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट लावून त्यावर टिचकी बटणासारखी बसणारी कवळी केली. रात्री काढून धुतात. आता समाधानाने जेवतात. निर्झराच्या आईची केस वेगळी आहे माहितीये, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

निर्झरा
सगळ्यांचे मनापासून आभार. दंतकथा सर, तुमचा प्रश्न आईला वाचून दाखवला तर म्हणाली गोळी कुठली, ती रविवारची आहे तेवढीच! दर रविवारी सकाळी अनशापोटी ग्लासभर पाण्याबरोबर घेते आणि मग अर्धा तास आडवं न होता बसून राहते. अस्थितज्ज्ञांनी हाडांच्या तपासणीनंतर दिलेली, पाच एक वर्षं तरी झाली असतील. रोजची नाही म्हणून तिच्या हिशोबी ती औषधात धरतच नाही, दोन्ही डेंटिस्टनी गोळ्या विचारल्या तेव्हा तिने सांगितलीच नव्हती. रेडिएशन, तंबाखू काही नाही. एचबीए१सी ७.२. उजवीकडच्या मागच्या दाढेला रूट कॅनाल होऊन कॅप आहे, पुढच्या दातात मोठं चांदीचं फिलिंग आहे. गोळी थोडे दिवस बंद करून इम्प्लांट करता येईल का? आणि सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) सांगितलाय कोणीतरी, ओपीजी आहे तर तो कशाला?

दंतकथा
गोळी स्वतःहून बंद करू नका, अजिबात नाही. या औषधाचा अंश हाडात वर्षानुवर्षं राहतो, आठवडा दोन आठवडे थांबवून काही साधत नाही. काही जणांना हाडांसाठी दर सहा महिन्यांनी इंजेक्शन देतात, ते मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका असतो. जे ठरवायचं ते तुमचे अस्थितज्ज्ञ आणि डेंटिस्ट यांनी बोलून ठरवायचं.

धोका कसला तर जबड्याच्या हाडाला जखम झाल्यावर ती न भरणं, हाड उघडं राहणं. ऑस्टिओपोरोसिससाठी तोंडाने गोळी घेणाऱ्यांमध्ये हे क्वचित होतं, कॅन्सरसाठी याच जातीची औषधं मोठ्या डोसमध्ये शिरेतून दिलेली असतात त्यांना खूप जास्त, तिथे आम्ही इम्प्लांट टाळतोच. आईचं मधलं प्रकरण आहे, नुसती गोळीच आहे, पण ती बरीच वर्षं चालू आहे. म्हणून दार बंद नाही, पण हाडाला जेवढा कमी हात लागेल तेवढं बरं. आता उजवीकडचं चित्र बदललं, मागची दाढ कॅपवाली आणि पुढच्यात मोठं फिलिंग, म्हणजे घासून गमावण्यासारखं तिथे फारसं काही नाही. एक्सरेत दोन्हीची मुळं भक्कम असतील तर मी उजवीकडे ब्रिज करीन, आणि तो बसल्यावर दोन-तीन महिने आईचं जेवण कसं चालतं ते बघीन. मगच डावीकडचा विचार, आणि लागलाच तर एकच इम्प्लांट.

ओपीजीत हाडाची उंची अंदाजाने कळते, जाडी कळतच नाही. दात काढल्यावर हाड बाजूने झिजतं, पहिल्या वर्षात सर्वात जास्त, त्यामुळे ओपीजीत भरपूर दिसणारं हाड प्रत्यक्षात सुरीच्या पात्यासारखं पातळ निघू शकतं. शिवाय खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून निदान २ मिमी लांब राहायचं असतं. डावीकडे करायचं ठरलं तर त्या बाजूचा सीबीसीटी आधी काढा आणि रिपोर्टमध्ये हाडाची जाडी आणि नसेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून मागा. रविवारच्या गोळीचं नाव आणि ती कधी सुरू केली ते कागदावर लिहून तो कागद दोन्ही डेंटिस्टना द्या, मग त्यांची मतं परत विचारा.

निर्झरा
जुनी प्रिस्क्रिप्शन्स शोधायला घेतलीच आहेत. अस्थितज्ज्ञांची गुरुवारची वेळ मिळाली, काय म्हणतात ते इथे लिहिते.