पियाझोलाने टँगो मारला? साफ चूक!

तालवेडा: परवाच्या लेखात अर्जेंटिनाचा टँगो-संगीतकार आस्तोर पियाझोला याच्याबद्दल ठोकून दिलंय, ‘त्याने टँगोतला नाच मारला.’ संताप आला. १९५५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष पेरॉनची सत्ता गेली, पाठोपाठ रॉक अँड रोल आला, मोठे वाद्यवृंद पोसणं परवडेना. नाच ओसरला तो यामुळे. त्याच वर्षी ‘ऑक्तेतो ब्युनोस आयर्स’ या आपल्या आठ वादकांच्या संचात इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून पियाझोलाच गुन्हेगार?

मिलोंगाप्रेमी: नाचून बघा, मग बोला. पियाझोलाचा ३-३-२ हा ताल म्हणजे आठ अर्ध्या मात्रांत आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्यावर. चौथा पडतो दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मधोमध, पाऊल तिथेच अडखळतं. टँगो वाद्यवृंदाचा प्रमुख त्रोइलो पियाझोलाच्या अरेंजमेंटमधले स्वर खोडरबराने पुसायचा, ते नाचणाऱ्यांसाठीच.

तालवेडा: ३-३-२ जुन्या मिलोंगातही, म्हणजे टँगोच्या जवळच्या नाचाच्या प्रकारातही, आहे! पाऊल अडखळतं ते एकसारखी लय सोडून लांबलचक संथ भाग येतात तिथे.

मिलोंगाप्रेमी: बरं, ३-३-२ जुनं, मान्य. पण त्याच्या ‘आदिओस नोनिनो’च्या संथ भागात जोडीने पाऊल कुठे टाकायचं?

भाता: ताल राहू द्या. आपल्याकडे त्याची ‘लिबेर्तांगो’ ही रचना अ‍ॅकॉर्डियनवर वाजवून त्यालाच पियाझोला म्हणतात, ते आधी थांबवा. त्याचं वाद्य बँडोनियन, भात्याचंच पण वेगळं; त्याला ७१ बटणं, उजवीकडे ३८, डावीकडे ३३. भाता उघडताना एक स्वर, मिटताना त्याच बटणावर बहुधा दुसराच. म्हणजे बोटांचे दोन नकाशे पाठ हवेत. पियाझोला उभा राहून, एक पाय उंचावर ठेवून, वाद्य मांडीवर घेऊन वाजवायचा आणि बराचसा उघडतानाच. भाता संपला की उजव्या अंगठ्याने हवेची झडप दाबून झटकन मिटायचा. सुरांचं वाक्य तिथे तुटतं, तो श्वास त्याच्या शैलीचाच भाग आहे.

मिलोंगाप्रेमी: हार्मोनियमसारखंच की, हवेने थरथरणाऱ्या पत्तीचंच वाद्य.

भाता: अजिबात नाही! हार्मोनियमच्या पत्त्या पितळी. एक हात भात्यावर अडकलेला, हवा एकाच दिशेने जाते. बँडोनियनच्या पोलादी पत्त्या जस्ताच्या लांब पट्टीवर बसवलेल्या असतात. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची केली तर आवाजाचा तो जडपणाच जातो. आणि प्रत्येक स्वराला दोन पत्त्या, सप्तकाच्या अंतराने. त्यातली एक जरा उतरली तरी स्वर डळमळतो.

तालवेडा: विषय पियाझोलाचा आहे, दुरुस्तीचा नाही.

भाता: मग पियाझोला वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्यांनाही सांगा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे गज घासून जो खरखरीत आवाज काढतात तो चिचार्रा, तो ठोक्याबरोबर हवा. गज जरा पुढे सरकला की खरखर जाऊन नुसती किंचाळी उरते.

मिलोंगाप्रेमी: वादनाबद्दल तक्रार नाही. पण पियाझोलाच्या १९६० च्या पंचकाची, म्हणजे पाच वादकांच्या संचाची, मैफल बसून ऐका, नाचाच्या रात्री त्रोइलोच लावा. यावरून मी हटणार नाही.