अनुभव धागा: तुमच्याकडे गाणी आली कुठून?

आपण काय ऐकतो यावर भरपूर बोललं जातं, पण ते आपल्यापर्यंत पोचलं कसं हे फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हा धागा काढतेय. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, डाउनलोड, पेन ड्राइव्ह, ॲप, काहीही चालेल. दुकान कुठलं, दुकानदार कसा होता, कुणी भरून दिलं, सगळं लिहा. मला यात एवढा रस अशासाठी की माझी आवड बरीचशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या कॅसेटवाल्या काकांनी घडवली आहे. त्यामुळे सुरुवात मीच करते.

सांगली, ऐंशीचं दशक. कंपनीची छापील कॅसेट महाग पडायची (टी-सिरीजनं किमती खाली आणल्या तेव्हा कुठे जरा परवडायला लागलं), म्हणून भरून घ्यायची पद्धत होती. वहीच्या पानावर यादी करायची, ६० ची कॅसेट की ९० ची ते ठरवायचं आणि पान काकांकडे द्यायचं. ते त्यांच्याकडच्या एलपी रेकॉर्डांवरून एकेक गाणं उतरवून द्यायचे. परवा या म्हणायचे आणि आठवड्यानं द्यायचे. ९० च्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं, गाणी तीन-सव्वातीन मिनिटांची, म्हणजे तेरा गाणी बसून वर दोन-अडीच मिनिटं उरायची. त्या उरलेल्या जागेत काका आपल्या मनानं काहीतरी टाकायचे, यादीत नसलेलं. कधी सतार, कधी बासरी, कधी एखादं पद, आणि टेप संपली की ते जिथे असेल तिथे तुटायचं. माणिक वर्मांचा आवाज मी असाच पहिल्यांदा ऐकला आणि पुढचं ऐकायला दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट दुकानात जाऊन उभी राहिले. काकांनी काही न बोलता रेकॉर्ड लावली. हातातलं गिऱ्हाईक थांबवून लावली.

अजून एक आठवतं. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकची दोन छोटी कानं असायची, ती मोडली की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. काका कॅसेट हातात देण्याआधी स्क्रू ड्रायव्हरनं ती टक् टक् मोडायचे. आमचा धाकटा त्या भोकांवर सेलोटेप लावून रेडिओवरची गाणी भरायचा, त्यावरून घरात जी भांडणं झालीत ती विचारू नका.

---

मी मुंबईकर त्यामुळे रिदम हाऊस. काळा घोड्याला १९४८ पासून होतं, फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं. विकत घ्यायच्या आधी तिथे केबिनमध्ये उभं राहून ऐकता यायचं, आणि आम्ही कॉलेजची मुलं तासन्‌तास ऐकून एखादीच कॅसेट घ्यायचो तरी कुणी हाकललं नाही. काउंटरवरच्या लोकांचं ज्ञान भयंकर होतं. नुसती चाल गुणगुणली तरी बरोबर कपाटातून काढून द्यायचे. एकदा किशोरीताईंचं काहीतरी द्या म्हणून गेले तर त्यांनी सोबत केसरबाईंची कॅसेट काढून ठेवली, म्हणाले घराणं एकच आहे, दोन्ही घेऊन जा आणि लागोपाठ ऐका. पैसे एकीचेच होते. दुसरी पुढच्या पगाराला घेतली. पण त्या एका वाक्यानं मला ख्याल ऐकायची वाट सापडली हे नक्की.

---

पुण्याचं अलूरकर म्युझिक हाऊस अजून कसं आलं नाही? कर्वे रोडवरचं. ते स्वतः मैफिलींची रेकॉर्डिंग कॅसेटवर काढायचे. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणार, मग गायकाला सगळा राग तेवढ्यात बसवायला लागायचा. यांच्या कॅसेटवर मात्र गाणं ऐसपैस. श्रोत्यांची वाहवा, मध्येच कुणाचा खोकला, सगळं ऐकू यायचं. मी लांब गावाकडे राहणारा, मैफिलीला जायला कधी मिळालंच नाही, तर माझ्यासाठी मैफल म्हणजे त्या कॅसेटी.

---

वर सगळी दुकानंच आहेत म्हणून लिहितोय. आमच्या घरी गाणी दीक्षाभूमीवरून आली. दसऱ्याला आई-बाबा नागपूरला जायचे, येताना पुस्तकं आणि भीमगीतांच्या कॅसेटी. मुंबईचे मामा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून घेऊन यायचे. तिथे स्टॉलला लागून स्टॉल, प्रत्येकाचा स्पीकर फुल्ल, एकाचं गाणं ऐकू येतंय तोवर शेजारचं त्यात मिसळतंय आणि त्या सगळ्यातून माझी आई बरोबर हवा तो आवाज ओळखून त्या स्टॉलकडे वळायची. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. वामनदादा कर्डकांची गाणी तर वस्तीत लहान पोरांनाही पाठ. आणलेली कॅसेट एका घरात कधी राहिली नाही, आज यांच्याकडे उद्या त्यांच्याकडे, परत यायची तेव्हा डबी भलतीच असायची. पुढे एमपीथ्री सीडी आली, मग पेन ड्राइव्ह आले, पण स्टॉल तसेच लागतात आणि कितीतरी गायक आपली सीडी आपणच विकायला उभे असतात. ज्यानं गायलं त्याच्याच हातातून घ्यायचं, यासारखं समाधान नाही. आता सगळं फुकट मिळतं तरी मी तिथून घेतोच.

---

२००० साली अमेरिकेत एमएस करायला आलो तेव्हा एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी फुकट उतरवायचं नॅपस्टर जोरात होतं (२००१ मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर बंद पडलं). युनिव्हर्सिटीच्या लॅनवर इंग्रजी गाणी धबाधब उतरायची पण मराठी शोधलं की शून्य. मग कुणीतरी भारतातून येताना सामानात सीडी घेऊन यायचं, ती एकदा रिप केली, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवली, की सगळ्या देशी पोरांच्या विनॅम्प प्लेअरवर. फाइलींची नावं बघाल तर ट्रॅक ०३, ट्रॅक ०४, अननोन आर्टिस्ट! गाणं कुणाचं हेच कळत नाही. माझ्या रूममेटनं एक अख्खी थँक्सगिव्हिंगची सुट्टी बसून प्रत्येक फाइलला गायक, कवी, संगीतकार असं सगळं टाइप केलं. कवीचं नाव पाहिजेच म्हणायचा. नंतर आठवणीतली गाणी ही वेबसाइट बघितली तेव्हा त्याचीच आठवण झाली, तिथे प्रत्येक गाण्याला कवी-संगीतकाराचं नाव असतं. आज मोठमोठ्या ॲपवर कवीचं नाव शोधायला किती खाली जावं लागतं बघा.

---

आमच्या तालुक्याला मोबाइल रिपेरिंगवाला मेमरी कार्ड भरून द्यायचा. २ जीबीत चारेकशे गाणी. भजनं, लावण्या, हिंदी, डीजेची, तो विचारायचा "काय टाकू?" आणि आजोबा म्हणायचे "बाबा सगळं टाक". अख्ख्या गावात एकच चारशे गाणी वाजायची त्या वर्षी. शेतात, टमटममध्ये, पिठाच्या गिरणीत.

---

टोकियोत राहते. इथे सीडीची दुकानं अजून जिवंत आहेत याचं भारतातून आलेल्या प्रत्येकाला नवल वाटतं. शिबुयाला टॉवर रेकॉर्ड्सची मजल्यांवर मजले असलेली इमारत आहे. अमेरिकेतली मूळ कंपनी २००६ मध्ये बुडाली पण इथली तोवर वेगळी झाली होती, म्हणून टिकली. मला तिथलं सगळ्यात काय आवडतं तर शेल्फवर लावलेली हातानं लिहिलेली कार्डं. दुकानात काम करणारी मुलं स्केच पेननं लिहितात, हा अल्बम का ऐकावा, कुठल्या गाण्यापासून सुरुवात करावी. जपानी वाचता यायला लागल्यावर मी आधी ती कार्डं वाचायला शिकले असं म्हटलं तरी चालेल. पूर्वी तर सीडी भाड्यानंही मिळायची, रात्रीपुरती आणायची, घरी मिनीडिस्कवर उतरवायची आणि परत द्यायची. धागाकर्तीच्या काकांचं वाचताना सारखी ती कार्डं डोळ्यासमोर येत होती.

---

जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या कुणी घेतं का? मी चोरबाजारातून, मटन स्ट्रीटवरून घेत आलोय. विकणाऱ्याला घाई असते पण आपण घाई करायची नाही. तबकडी आडवी धरून उजेडात तिरकी करून बघायची, ओरखडा नुसता वर आहे की खोल गेलाय ते कळतं. कडेला केसाएवढी चीर आहे का बघायचं. या तबकड्यांत लाख असते त्यामुळे स्पिरिटनं कधीही पुसू नका, विरघळते. सौम्य साबणाचं पाणी, लेबल भिजू न देता, आणि सुती फडक्यानं टिपून घ्यायचं. सगळ्यात जुन्या रेकॉर्डांत शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगतात, गौहर जानचं "माय नेम इज गौहर जान" प्रसिद्धच आहे. रेकॉर्डिंग इथे व्हायचं आणि तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून. पहिल्यांदा घरी सुई टेकवल्यावर ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

---

मी २३ वर्षांची आहे, माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, डायरेक्ट ॲप. एका ॲपवर चार-पाच वर्षं प्लेलिस्ट जमवली होती, आणि हळूहळू त्यातली गाणी राखाडी व्हायला लागली, दिसतात पण वाजत नाहीत. विचारलं तर हक्क संपले म्हणे. तेव्हापासून जे खरंच आवडतं ते मी बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवरून विकत घेऊन फाइल स्वतःकडे ठेवते. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, बाकीचे पेमेंटचा खर्च जाऊन कलाकाराला. मराठी फार कमी आहे तिथे, पण जे आहे ते शोधून घेते. मला एक विचारायचंय, आजीच्या कॅसेटी आहेत खोकंभर, तिनं स्वतः म्हटलेल्या ओव्याही आहेत त्यात. कशा उतरवू?

---

@वरची: आधी थेट प्ले करू नकोस. एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरव म्हणजे चिकटलेली टेप सुटते. डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पूस (हेडला स्पिरिट चालतं, वरच्या काकांच्या तबकड्यांना नाही). टेपच्या मागची स्पंजची गादी गळून पडली असेल तर चांगल्या कॅसेटच्या कवचात रीळ बदलून घे, स्क्रूची असेल तर सोपं आहे. मग हेडफोनच्या जागेतून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर, रेकॉर्डिंगचं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि एमपीथ्री नको (त्यात आवाजाचा दर्जा कमी होतो), वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्येच ठेव. ओव्यांपासून सुरुवात कर, सिनेमाची गाणी कुठेही मिळतील. आणि आजी आहेत ना? मग उतरवताना त्यांना शेजारी बसव, कुठली ओवी कुणाकडून शिकल्या ते लगेच लिहून घे.