चढावर दम तोडणारा जुना ट्रक : पंप उतरवण्याआधी हे बघा

वाशी खाडीपुलाच्या चढावर गाडी दम तोडते, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालते आणि मिस्त्री इंजिनाला डिझेल देणारा मुख्य पंप उतरवायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. पंपाला एवढ्यात हात लावू नका. आधी टाकीचं झाकण सैल करून एक फेरी मारा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते, डिझेल येईनासं होतं. थांबलं की हवा हळूहळू आत जाते, म्हणून गाडी 'आपोआप' बरी होते. फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) गाळणीही बघून घ्या.

माझा किस्सा वेगळा. मानखुर्दला भर पावसात गाडी बंद. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला तर नुसता फेस, म्हणजे डिझेलमध्ये हवा. सलग डिझेल यायला लागल्यावर पंप मारता मारताच स्क्रू आवळला, दोन सेल्फमध्ये चालू. वडाळ्याला पोचेपर्यंत परत तेच! टाकीकडून येणाऱ्या नळीच्या बोल्टचं तांब्याचं वायसर गेलं होतं. ती बाजू ओढीची, त्यामुळे इंजिन चालू असताना डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. वरून सगळं कोरडं ठणठणीत. शोधायला दोन दिवस गेले, वायसर मात्र किरकोळ पैशांत आलं.

हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाचं. कॉमन रेल गाडी (नवी, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाली) असेल तर चालू इंजिनावर नट सैल करायला अजिबात जाऊ नका, तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं.

धूर कुठल्या रंगाचा येतो, ते लिहिलं नाहीत?