टंकलेखनातल्या चुका आणि अध्ययन अक्षमता : गुण कापावेत का?

रेघोट्या
डिस्लेक्सिया (वाचनातली अक्षमता) किंवा डिसग्राफिया (लेखनातली अक्षमता) असलेल्या विद्यार्थ्याने टंकून दिलेल्या उत्तरात टंकचुकांचे गुण कापूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. मराठीत तर निम्म्या चुका कळफलकच करायला लावतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकात पहिली वेलांटी 'एफ'वर, दुसरी तिच्याच डोक्यावर 'आर'वर. उकारांचंही तसंच, 'जी' आणि 'टी'. बोट एक ओळ वर गेलं की ऱ्हस्वाचं दीर्घ! शिवाय क्रम उलटा. पहिली वेलांटी दिसते अक्षराआधी, टंकायची मात्र नंतर. 'कर्म' हाताने लिहिताना रफार शेवटी देतो. टंकताना 'म'च्या आधी र आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) हवा. क्रम धरून ठेवणं ज्याला जड जातं त्याचं 'कमर्' होतं.

वाटसरू
नाही पटलं. चूक बोटाची की शब्दाची, हे शोधता येतं. 50 शब्द छापील कागदावरून बघून टंकायला द्या, दोन दिवसांनी तेच तोंडी सांगा. बघून बरोबर आणि ऐकून चूक, म्हणजे शब्दच येत नाही. त्याचे गुण का सोडायचे? सरसकट सूट दिली की शुद्धलेखन शिकवणं थांबतं, आणि तोटा त्या मुलाचाच होतो.

रेघोट्या
चाचणी उत्तम, निष्कर्ष घाईचा. डिस्लेक्सियात ऐकलेल्या ध्वनीला अक्षर जोडणं हीच तर मूळ अडचण. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी येतो तो आळसामुळे नव्हे. शुद्धलेखन शिकवा, जरूर शिकवा, पण विज्ञानाच्या पेपरात 'प्रकाशसंश्लेशन' लिहून प्रक्रिया अचूक सांगितली असेल तर गुण पूर्णच द्यायला हवेत.

ऋतुगंध
गुणांच्या आधी सेटिंग बघा. 'ममला', 'आााहे' अशी अक्षरं दुणावत असतील तर बोट कळीवर रेंगाळतंय. कळ पुन्हा उमटण्याआधीचा विलंब वाढवा. शिफ्ट धरून दुसरी कळ दाबता येत नसेल तर स्टिकी कीज (शिफ्ट दाबून सोडली तरी पुढच्या कळीला लागू होते ती सोय) चालू करा, नाहीतर 'ख'च्या जागी 'क' पडत राहतो. लिहून झालं की मजकूर यंत्राकडून मोठ्याने वाचून घ्या. गळलेले शब्द आणि ते 'कमर्' कानाला लगेच खटकतं. 'दिन' आणि 'दीन' मात्र ऐकून सुटत नाहीत, आणि दोन्ही खरे शब्द असल्याने स्पेलचेकही गप्प बसतो. तिथे माणूसच लागतो.

वाटसरू
विज्ञानाचं मान्य. भाषेच्या पेपरात मात्र शुद्धलेखनाचा वेगळा प्रश्न हवा आणि तो सगळ्यांसारखाच तपासावा. साधनं द्यायची तर स्पेलचेकची लाल रेघ चालेल, पण ऑटोकरेक्ट (आपोआप शब्द बदलणारी सोय) बंद. ते न विचारता भलताच शब्द बसवतं, आणि ज्याला वाचायलाच त्रास आहे त्याच्या ते लक्षातही येत नाही.

रेघोट्या
ऑटोकरेक्टबद्दल शंभर टक्के सहमत. वेगळा प्रश्नही चालेल, फक्त त्याला वेळ जास्त द्या.