संगमेश्वर तालुक्यात सामाईक रान आहे, तोडायचं नाही. सरकारी मदत कुठून मिळेल?

वहाळाकाठ:
नमस्कार मंडळी. देवरुखजवळ आजोबांचं ७ एकर वरकस (उताराची, हलक्या मातीची जमीन) रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, चार जुने रायवळ आंबे आणि खालून वहाळ, म्हणजे ओढा. आम्ही सगळे मुंबईला. गेल्या महिन्यात एक ठेकेदार येऊन उभं रान तोडायला मागून गेला. सातबाऱ्यावर पाच नावं आहेत, दोघे काका तयार आहेत. मला रान राखायचंय. वरच्या अंगाला एकरभर उघडं पडलंय, तिथे लागवडीला काही योजना मिळेल का?

सड्यावरचा:
आधी ठेकेदाराचं बघा. त्याच्या कुलमुखत्यारपत्रावर (तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) कोणीही सही करू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत १६ झाडं आहेत, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, खैर सगळे त्यात येतात, म्हणजे तुमचं जवळजवळ अख्खं रान. सहहिस्सेदार म्हणून लेखी हरकत वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात द्या, एक प्रत तलाठ्याकडे द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या.
आम्हाला हे उशिरा सुचलं. चुलत्यांनी सही दिली आणि आठवड्यात डोंगर बोडका झाला. आमचा वहाळ मार्चपर्यंत वाहायचा, आता जानेवारीतच आटतो.

रातांबा:
योजनांचं सांगते. लागवडीला मदत आहे. उभं रान राखलं म्हणून पैसे देणारी योजना निदान मला तरी कुठल्याही कार्यालयात सापडली नाही. म्हणून 'तोडा आणि काजू लावा, अनुदान मिळेल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. अनुदान फक्त त्या उघड्या एकरासाठी घ्या.
रोजगार हमीतून करायचं तर जॉबकार्ड हवं, ते तुमच्याकडे नसणार. तुमच्यासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत बसते. अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं येतं, पण पुढच्या हप्त्यांसाठी ८० ते ९० टक्के झाडं जगलेली दिसावी लागतात. कोकम, जांभूळ, फणस चालतात. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. सामाईक जमिनीला बाकीच्यांची संमती लागते आणि निव्वळ शेतीवर जगणाऱ्यांना आधी घेतात, हे धरून चला.

वहाळाकाठ:
ताई, संमतीच अवघड आहे. काकांना पैशांची खरंच गरज आहे.

रातांबा:
मग त्यांच्याशी भांडू नका. वाटप करून घेता येतं का पाहा, आणि जमलं तर वहाळाकडचा हिस्सा तुम्ही मागून घ्या.

माणगा:
काकांना बांबू सुचवा. २०१७ पासून तो भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येत नाही, म्हणून लावलेला बांबू तोडून विकणं सोपं पडतं. आमच्या कुडाळकडे माणगा ही बांबूची जात बांधाला लावतात, चार-पाच वर्षांत काठ्या निघायला लागतात आणि बेट उभंच राहतं. रोपांसाठी तालुक्याच्या सामाजिक वनीकरणाकडे मे महिन्याआधीच मागणी नोंदवा, पाऊस लागल्यावर गेलात तर उरलंसुरलं मिळतं. कुठली जात लावावी हे दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात विचारा.
आणि दिवाळीनंतर गवत वाळलं की कडेने जाळरेषा (आग आत येऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढायला गावातल्या गड्याला आताच सांगून ठेवा. वणवा एकदा आत शिरला की नवी रोपं वाचत नाहीत.

वहाळाकाठ:
सोमवारी रजा टाकून देवरुखला जातोय. हरकतीचा अर्ज आज रात्री लिहितो. सड्यावरचा, तुमच्या अर्जाचा मसुदा असेल तर इथे टाकाल का?