चर्चा: थेट प्रसारणात कन्सोलच्या एका बटणात किती कामं भरावीत?

गोदाकाठ
आमच्या सामुदायिक रेडिओत नेटवर्कवरचा ऑडिओ कन्सोल, म्हणजे माइक-फोन-गाण्यांचा आवाज हाताळायचं टेबल, आला. त्यावर काही मोकळी बटणं आहेत, त्यांनी काय करायचं ते आपण ठरवायचं. इंजिनिअरने 'फोन' या एकाच बटणात चार कामं भरली: फोनची लाइन फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर) आणणं, फेडर चालू करणं, समोरच्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकीचा आवाज परत पाठवणं आणि रेकॉर्डिंग सुरू करणं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. गेल्या खरिपात एक शेतकरी कपाशीवरच्या बोंडअळीचं सांगत होता. बटण लागलंच नाही असं वाटून निवेदन करणाऱ्या ताईंनी परत दाबलं. माणूस मधेच तुटला, फोन पुन्हा लागला नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, एका बटणाला एकच काम द्यावं. हाताने करताना चुकलं तर एकच गोष्ट चुकते आणि कुठं चुकलं ते लगेच कळतं.

मांजरा
दादा, यात चार कामांचा दोष नाही, एकाच बटणाने चालू-बंद करण्याचा आहे. 'चालू'ला एक बटण द्या, 'बंद'ला दुसरं. मग 'चालू' दहादा दाबलं तरी चालूच राहील. आणि दिवा बटणाच्या दाबण्यावर लावू नका, फेडरच्या खऱ्या स्थितीवर लावा. तो दिसला असता तर ताईंचं बोट दुसऱ्यांदा गेलंच नसतं. आमच्याकडे संध्याकाळी एकटी मुलगी निवेदन करते, गाणी लावते, फोनही घेते. तिला दर फोनला चार पायऱ्या काहून करायला लावायच्या?

बालाघाट
मी गोदाकाठ यांच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं आहे. अशा यंत्रणेत पुष्कळदा आवाज मिसळणारं यंत्र रॅकमध्ये असतं. समोरचं बटण फक्त नेटवर्कवरून आज्ञा पाठवतं. मधला नेटवर्क स्विच, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा, बंद पडला की बटण मुकं होतं. कन्सोल यूपीएसवर आणि स्विच साध्या सॉकेटवर, हे मी आपल्या भागात दोन ठिकाणी पाहिलंय. लाइट येते-जाते तेव्हा बटणं कोणत्या स्थितीत उठतील हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. माइक चालू होऊन उठला तर स्टुडिओतली सगळी बोलणी हवेत जातील.

दुसरं म्हणजे कोणत्या बटणाने काय करायचं याची फाइल. ती बाहेरगावच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपवर पडून असते. नेटवर्कवरून आवाज पाठवण्याचं एईएस६७ हे मानक २०१३ साली आलं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांचा आवाज घेऊ शकतात. पण बटणांच्या आज्ञा त्या मानकात येत नाहीत. कन्सोल बदलला की ती सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. जेवढं कमी भराल, तेवढं कमी गमावाल.

मांजरा
फाइलचं मान्य. आम्ही ती पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवली, एक प्रत अध्यक्षांकडे दिली. पण स्विच यूपीएसवर घ्यायचं सोडून बटणं रिकामी ठेवणं हा उपाय नाही.

तेरणा
मी निवेदिका आहे. वादात आम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून लिहिते. मला सगळ्यात उपयोगी पडतं ते खोकल्याचं बटण. धरून ठेवलं तोवर माइक बंद, सोडलं की चालू. आमच्या इंजिनिअर सरांनी तेही दाबून लागणारं केलं होतं. मी खोकले, बटण तसंच राहिलं, आणि मी पाच मिनिटं बंद माइकवर बोलत बसले. दोनदा सांगितल्यावर बदललं. कोणतं बटण धरायचं आणि कोणतं दाबायचं, हे जिचं बोट त्यावर आहे तिला विचारा. आणि बटणावर 'पी-तीन' नको, मराठीत चिठ्ठी चिकटवा.

गोदाकाठ
ताई, तुमचं पटलं, मांजरा यांचंही. चालू-बंद वेगळं करतो, दिवाही फेडरवरून घेतो. पण रेकॉर्डिंग त्या बटणातून काढणारच. रेकॉर्डर सकाळपासून आपोआप चालू राहील, कुणाच्या बोटावर अवलंबून नको.

मांजरा
रेकॉर्डिंग काढा. फेडर आणि परतीचा आवाज मात्र एकत्रच राहू द्या. परतीच्या आवाजातून त्याचा आवाज वगळायचा राहिला की समोरच्याला स्वतःचेच शब्द उशिराने मागून ऐकू येतात. माणूस अडखळतो, 'हॅलो, हॅलो' करतो आणि फोन ठेवून देतो. तुमचा बोंडअळीवाला शेतकरी तसाही गेला असता.