नक्कल नाही, सोंग आहे ते

"मार्व्हल कॉमिक्सची थंडरबोल्ट्स टोळी म्हणजे डीसी कॉमिक्सच्या सुसाइड स्क्वॉडचीच नक्कल" असं एकानं म्हटलं; ते सिनेमापुरतं थोडंफार पटते. कॉमिकची गोष्टच वेगळी आहे, भाऊ. स्क्वॉडमधले कैदी शिक्षेत सूट मिळावी म्हणून सरकारच्या धाकानं लढतात. १९९७ साली कर्ट ब्युसिक अन् मार्क बॅगली यांनी आणलेले थंडरबोल्ट्स मात्र सोंग घेऊन येतात. अव्हेंजर्स हे मार्व्हलचे मोठे हिरो मेले असं जग समजून बसलेलं, तेवढ्यात हे नवे हिरो, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी कळते की त्यांचा म्होरक्या सिटिझन व्ही म्हणजे अव्हेंजर्सचा जुना वैरी बॅरन झेमो! आमच्या गावात सुगी झाली की फौजदाराच्या वेशात बहुरूपी यायचा. लहानपणी मी त्याला भिऊन कोठ्यात लपलो होतो. तसाच झटका.

२०२५च्या थंडरबोल्ट्स सिनेमात येलेना ही नायिका आवडली, पण ते सोंगच गायब. तो पाहायला एसटीनं अमरावतीपर्यंत गेलो होतो, म्हणून जरा जास्तच खटकलं.